हेलियमची पिवळी रेघ, विजयदुर्ग आणि अणूतले इलेक्ट्रॉन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८ ऑगस्ट जवळ आला की "हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गात लागला" हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो आणि त्याच्यामागून प्रश्न सुरू होतात. रेघ म्हणजे काय, रेघेवरून वायू कसा ओळखतात, इलेक्ट्रॉनचा काय संबंध, मग मोबाईलचं रेडिएशन पण तसंच का, वगैरे वगैरे. त्या सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलंय. वरून खाली सलग वाचलंत तर जास्त समजेल, पण हवा तो प्रश्न काढून वाचला तरी चालेल.

विजयदुर्ग किल्ल्यावर १८६८ साली हेलियमचा शोध लागला हे खरं का?

नाही. ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांचं नाव या गोष्टीत घेतात ते १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला भारतात आलेलेच नव्हते, ते इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ती प्रसिद्ध पिवळी रेघ, म्हणजे सूर्याचा प्रकाश फाकवल्यावर दिसणारी हेलियमची खूण, पाहिली २० ऑक्टोबर १८६८ ला, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने उलटल्यावर, लंडनहून, आणि तेही ग्रहण नसताना.

पण म्हणून विजयदुर्गाचा काही संबंधच नाही असं म्हणून मोकळे होऊ नका. लॉकयर विजयदुर्गला आले होते, अगदी नक्की आले होते, फक्त तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. दोन ग्रहणं, माणूस तोच, आणि सांगता सांगता दोन्हींची सरमिसळ होऊन गेली. मला मनापासून वाटतं की १८९८ ची खरी हकीकत आपल्याकडे सांगितली गेली पाहिजे, कारण ती कमी मोलाची नाहीच, उलट तिच्यात आपल्या भागातली कितीतरी जास्त माणसं आणि गावं आहेत. ती एक प्रश्न सोडून पुढे आहे.

मग १८६८ च्या ग्रहणात नेमकं कोणी काय पाहिलं?

त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा एडनकडून येऊन दक्षिण भारत ओलांडून पुढे सयामपर्यंत (आजचं थायलंड) गेला होता. पट्ट्यातली नावं वाचलीत तर ओळखीची वाटतील: जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला बसले होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणमला. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे नातू.

खग्रास अवस्थेत सूर्याची तबकडी पूर्ण झाकली गेली की कडेला लालसर ज्वाळा दिसतात, त्यांना सौरज्वाला म्हणतात. या ज्वाळा कशाच्या आहेत हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. १८६८ ला पहिल्यांदा लोकांनी त्यांच्यावर स्पेक्ट्रोस्कोप लावला, म्हणजे प्रकाश फाकवून त्यातले रंग वेगवेगळे करून दाखवणारं यंत्र, आणि उत्तर मिनिटाभरात मिळालं: अखंड रंगपट्टा नाही, ठळक सुट्या रेघा. म्हणजे तापलेला वायू, आणि त्यातही मुख्यतः हायड्रोजन. हर्शेलना जमखंडीत तीन रेघा ठळक दिसल्या, लाल, नारिंगी आणि निळी. ती नारिंगी-पिवळी रेघ बहुतेकांनी सोडियमची धरली, कारण सोडियमच्या रेघा अगदी तिथेच येतात.

जान्सेनना तर त्या रेघा इतक्या तेजस्वी वाटल्या की ग्रहण नसतानाही दिसतील असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी १९ ऑगस्टला गुंटूरलाच सकाळी त्यांनी त्या भर सूर्यप्रकाशात पाहिल्या पण. इकडे लॉकयरनी स्वतःच्या डोक्याने हीच युक्ती काढली होती, फक्त त्यांचं यंत्र उशिरा हातात आलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ ला वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

ती पिवळी रेघ सोडियमच्या जागी बरोब्बर बसत नाही, जराशी सरकलेली आहे, हे लॉकयरनी मोजून दाखवलं. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला (हे आकडे तरंगलांबीचे, म्हणजे त्या रंगाच्या लाटेच्या लांबीचे; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा. सोडियमच्या रेघांची नावं आधीच डी-वन, डी-टू होती म्हणून हिला डी-थ्री म्हणायला लागले. लॉकयर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी तेव्हा माहीत असलेल्या वायूंशी ताडून पाहिलं, कुठेच जुळेना, मग सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आलं, १८७१ पर्यंत ते जाहीर भाषणात वापरलं जायला लागलं होतं. म्हणजे "१८ ऑगस्टला हेलियम सापडला" हे सुद्धा सोयीसाठीच म्हणायचं, त्या दिवशी रेघ दिसली, ती नव्या मूलद्रव्याची आहे हे हळूहळू कळत गेलं.

विजयदुर्गावरचे "साहेबाचे कट्टे", म्हणजे जिथून साहेबाने ग्रहण पाहिलं असं सांगतात ते चौथरे, मग कसले?

हीच ती १८९८ ची हकीकत. त्या जानेवारीत खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून महाराष्ट्रातून आडवा गेला. लॉकयरनी मुक्कामाला विजयदुर्ग निवडला, सोबत एचएमएस मेलपोमेनी या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी होते, आणि त्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी वेध घेतले. एकेका यंत्रापाशी माणूस, एकजण सेकंद ओरडून सांगतोय, बाकीचे प्लेटा बदलतायत, कारण खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची आणि तेवढ्यात सगळं उरकायचं. अवजड दुर्बिणी नि कॅमेरे हलू नयेत म्हणून पक्की बैठक लागते, त्यामुळे किल्ल्यावरचे कट्टे या मोहिमेशी जोडणंच सयुक्तिक वाटतं.

आणि आता जी गोष्ट मेसेजमध्ये कधीच येत नाही ती. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला, करमाळ्याजवळचं जेऊर, पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन बसले होते. हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायचे, म्हणजे आजचं सीओईपी, आणि तिथे भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा ते चालवायचे. वीस इंची आरशाची दुर्बीण होती तिथे, पुण्यात, एकोणिसाव्या शतकात! जेऊरला त्यांनी वर्णपटाचे, म्हणजे फाकवलेल्या प्रकाशाच्या रंगपट्ट्याचे, फोटो घेतले आणि त्याचा रीतसर रिपोर्ट छापला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पण जेऊरलाच उतरले होते. नायगमवाला १९१२ ला निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. सूर्याच्या वर्णपटाचं काम एका भारतीय माणसाने महाराष्ट्राच्या मातीवर उभं राहून केलं, हे शाळेत शिकवलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

नुसत्या एका रेघेवरून नवीन मूलद्रव्य आहे असं कसं काय म्हणता येतं?

कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात आणि दोन मूलद्रव्यांचा पूर्ण संच कधीच सारखा नसतो. हे बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी जर्मनीत १८५९-६० च्या सुमारास दाखवलं. बर्नरच्या ज्योतीत क्षार धरायचा, प्रकाश प्रिझममधून न्यायचा, रेघा मोजायच्या. याच पद्धतीने त्यांनी १८६० ला सीझियम आणि १८६१ ला रुबिडियम शोधलं. आणि हाच वायू जर मागून येणाऱ्या अखंड प्रकाशाच्या वाटेत आला तर तो त्याच जागचे रंग गिळतो आणि तिथे काळ्या रेघा पडतात. फ्राउनहोफरने १८१४ पासून सूर्याच्या वर्णपटात अशा शेकडो काळ्या रेघा मोजून ठेवल्या होत्या, त्यांचा अर्थ पंचेचाळीस वर्षांनी लागला.

तरी पण एकाच रेघेवर नवीन मूलद्रव्य जाहीर करणं धाडसाचं होतं आणि बऱ्याच केमिस्ट लोकांनी ते मानलं नाही. ते चुकीचं वागले असं मी म्हणणार नाही. नंतरच्या काळात सूर्याच्या कोरोनातल्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात बाहेरच्या विरळ आवरणातल्या, एका हिरव्या रेघेवरून "कोरोनियम" नावाचं मूलद्रव्य मानलं गेलं होतं आणि ते शेवटी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड निघालं. शंका घेणं रास्तच होतं.

पण रेघाच का? सगळे रंग का नाही निघत?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर १८६८ ला जगात कोणाकडेच नव्हतं. रेघा मोजणारे मोजत राहिले, का आहेत ते १९१३ मध्ये नील्स बोर यांनी सांगितलं.

अणूत मध्ये केंद्र, भोवती इलेक्ट्रॉन. या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा घेऊन राहता येत नाही, ठराविकच ऊर्जा चालतात, त्यांना ऊर्जापातळ्या म्हणतात. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आला की दोघांतला फरक प्रकाशाचा एक कण, फोटॉन, होऊन बाहेर पडतो. फरक ठरलेला म्हणून फोटॉनची ऊर्जा ठरलेली, ऊर्जा ठरलेली म्हणून रंग ठरलेला. एवढंच आहे. रेघ म्हणजे दोन पातळ्यांमधला फरक.

एसटीच्या तिकिटासारखं समजा. कुठल्या स्टॉपवरून कुठल्या स्टॉपपर्यंत गेलात त्यावर भाडं ठरतं, मधेच शेतात उतरलो म्हणून वेगळं तिकीट नसतं. आता समजा तुम्हाला गाडी दिसतच नाही, रस्ता पण माहीत नाही, फक्त कंडक्टरने फाडलेल्या तिकिटांच्या रकमांची यादी तुमच्या हातात आहे, तर पुरेशी तिकिटं गोळा करून तुम्ही रूटवरचे सगळे टप्पे कागदावर मांडू शकता. वर्णपट अभ्यासणारे हेच करतात. अणूच्या आत कोणी डोकावलेलं नसतं, बाहेर पडलेल्या प्रकाशावरून आतले टप्पे मांडलेले असतात.

आकडे घालून दाखवाल का? नुसतं "पातळी" म्हणून समजत नाही.

हायड्रोजन घ्या, एकच इलेक्ट्रॉन, हिशोब सरळ. त्याच्या पातळ्यांची ऊर्जा वजा १३.६ भागिले पातळी क्रमांकाचा वर्ग, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये (अणूच्या हिशोबात वापरायचं ऊर्जेचं छोटं माप). म्हणजे पहिली वजा १३.६, दुसरी वजा ३.४, तिसरी वजा १.५१. तिसरीवरून दुसरीवर आला तर फरक १.८९. आता ऊर्जेवरून तरंगलांबी काढायची सोपी युक्ती: १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. १२४० भागिले १.८९ म्हणजे साधारण ६५६. हायड्रोजनची लाल रेघ प्रयोगशाळेत मोजा, ६५६.३ भरते. चौथीवरून दुसरीवर केलंत तर ४८६ च्या आसपास निळसर, पाचवीवरून दुसरीवर ४३४ च्या आसपास जांभळट. ग्रहणात सौरज्वालांमध्ये लोकांना ज्या लाल आणि निळ्या रेघा दिसल्या त्या याच.

या रेघांचं सूत्र बोरच्याही आधी, १८८५ मध्ये, बाझेलच्या योहान बाल्मर नावाच्या शाळामास्तरांनी निव्वळ आकड्यांशी खेळून काढलं होतं. कारण माहीत नाही पण सूत्र बरोबर! दहावी-बारावीच्या मुलांनी हा भागाकार एकदा स्वतः करून बघावा असा माझा आग्रह आहे, कॅल्क्युलेटरवर ६५६ आलं की जो आनंद होतो तो पाठांतरात नाही.

प्रकाश लाट आहे की कण?

प्रवास करताना लाटेसारखा वागतो, देवघेव करताना कणासारखा. मॅक्सवेलने १८६० च्या दशकात दाखवलं की प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे, हर्ट्झने १८८७ च्या सुमारास तशा लाटा प्रयोगात निर्माण केल्या, आणि १८९५ च्या आसपास जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात मिलिमीटरमधल्या लाटांवर प्रयोग करत होते. नंतर प्लांकने १९०० ला आणि आइनस्टाइनने १९०५ ला ऊर्जेच्या पुड्यांची कल्पना आणली. रेडिओ, मायक्रोवेव्ह, इन्फ्रारेड, दिसणारा प्रकाश, अल्ट्राव्हायोलेट, एक्स-रे, गॅमा, सगळं एकच, तरंगलांबी वेगळी. पोकळीत सगळ्यांचा वेग सारखा, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आपल्याला दिसतो तो पट्टा साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर, फारच छोटा.

इलेक्ट्रॉन केंद्राभोवती ग्रहासारखा फिरतो का?

नाही. बोरच्या चित्रात फिरतो, पण १९२६ पासून, श्रोडिंगरच्या समीकरणानंतर, ते चित्र सोडलेलं आहे. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच सांगता येतं आणि त्या शक्यतेच्या आकाराला ऑर्बिटल म्हणतात. ऊर्जापातळ्या मात्र खऱ्याच आहेत, हायड्रोजनसाठी बोरचे आकडे अजूनही चालतात.

सूर्यात एवढा हेलियम आहे तर फ्राउनहोफरला काळ्या रेघांत तो का सापडला नाही? ग्रहणच का लागलं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, आणि इथेच इलेक्ट्रॉनचा हिशोब खऱ्या अर्थाने कामाला येतो.

सूर्याच्या वजनातला सुमारे पाव भाग हेलियम आहे. सोडियम त्याच्या तुलनेत नगण्य. तरीही सोडियमच्या दोन काळ्या रेघा साध्या उन्हाच्या वर्णपटात ठसठशीत दिसतात आणि हेलियमची पिवळी रेघ नेहमीच्या तबकडीवर दिसत नाही म्हणावी इतकी अशक्त. असं का?

पिवळी रेघ कुठल्या दोन पातळ्यांमधली आहे ते बघा. वरची पातळी तळापासून, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीपासून, सुमारे २३.०७ इलेक्ट्रॉन व्होल्टवर, खालची २०.९६ वर, फरक २.११, आणि १२४० भागिले २.११ म्हणजे ५८७.६ च्या जवळ, बरोबर पिवळा. पण खालची पातळी म्हणजे तळ नाही हं, ती स्वतःच तळापासून जवळपास २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच आहे. म्हणजे हेलियमने पिवळा प्रकाश गिळायचा असेल तर आधी कोणीतरी त्याचा इलेक्ट्रॉन २१ वर नेऊन ठेवलेला पाहिजे. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, फोटोस्फिअर, तिथे तापमान ५८०० केल्विनच्या आसपास, आणि त्या तापमानाला अणूंच्या धक्काबुक्कीत मिळणारी ऊर्जा साधारण अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. अर्ध्याच्या बाजारात २१ कुठून आणणार? हिशोब केला तर अब्जावा भाग आणि त्याचाही पुन्हा अब्जावा भाग, जेमतेम इतकेच हेलियमचे अणू त्या अवस्थेत निघतात. सोडियमची रेघ मात्र थेट तळापासूनच सुरू होते, त्याला आधी कुठे चढून बसावं लागत नाही, म्हणून मूठभर सोडियम पण ठळक दिसतं.

मग सौरज्वाला आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या क्रोमोस्फिअरमध्ये हेलियम कसा चमकतो? तिथे वरून कोरोनाकडून येणारा जोरदार अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रे प्रकाश हेलियमचा इलेक्ट्रॉन उडवूनच लावतो (त्याला २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात), मग सुटा इलेक्ट्रॉन परत येऊन पायरी पायरीने खाली उतरतो आणि उतरताना पिवळा फोटॉन सोडून जातो. हा भाग इतका पातळ आणि फिका की फोटोस्फिअरच्या झगझगाटात दिसत नाही, चंद्राने तो झगझगाट झाकला की कडेला दिसतो. म्हणून ग्रहण. आणि जान्सेन-लॉकयरची युक्ती मोठी ती याचसाठी, त्यांनी प्रकाश इतका फाकवला की आकाशाचा उजेड पसरून फिका झाला आणि रेघ मात्र रेघच राहिली.

तापमानावरून कुठल्या अणूच्या कुठल्या रेघा ठळक होणार हे गणितात बसवलं आपल्या मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. रेघ ठळक आहे म्हणजे ते मूलद्रव्य जास्त आहे असं नसतं हे त्यातूनच कळलं, आणि मग सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात साहांचंच समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत.

हेलियमच्या रेघांचे दोन वेगळे संच असतात म्हणे?

हो. १८९५ ला रुंगे आणि पाशेन यांना ते इतके वेगळे वाटले की हे दोन वायूंचं मिश्रण असेल असं त्यांनी मानलं. खरं कारण असं की हेलियमला इलेक्ट्रॉन दोन, आणि त्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा स्वतःभोवती फिरण्यासारखा एक गुण) विरुद्ध असले तर पातळ्यांचा एक संच, एकाच दिशेने असले तर दुसरा, आणि एका संचातून दुसऱ्यात उडी सहसा होत नाही. हायझेनबर्गने १९२६ ला हे सोडवलं. पिवळी डी-थ्री ही एकाच दिशेच्या स्पिनवाल्या संचातली.

पृथ्वीवर हेलियम कधी सापडला?

२६ मार्च १८९५. विल्यम रॅम्झी लंडनमध्ये क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर ॲसिड टाकून निघालेला वायू तपासत होते, अरगॉन शोधत होते खरं तर, आणि नळीत पिवळी रेघ दिसली जी सोडियमच्या जागी बसेना. विल्यम क्रुक्सनी मोजून खात्री केली. लॉकयरना हे बघायला मिळालं, सत्तावीस वर्षं थांबल्यावर, आणि तीन वर्षांनी ते विजयदुर्गला आले.

युरेनियमच्या दगडात हेलियम कुठून आला याचं उत्तर रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी दिलं, निकाल १९०९ ला छापला. पातळ काचेच्या नळीत किरणोत्सारी वायू भरला, त्यातून निघणारे अल्फा कण काचेतून आरपार बाहेरच्या निर्वात नळीत जमू दिले, काही दिवसांनी त्यात विजेची ठिणगी सोडली आणि वर्णपट बघितला. हेलियमच्या रेघा! अल्फा कण म्हणजेच हेलियमचं केंद्र. जमिनीतून आज जो हेलियम काढतात, एमआरआय मशीनचे मॅग्नेट थंड ठेवायला लागतो तो, तो सगळा असाच युरेनियम-थोरियमच्या विघटनातून करोडो वर्षं साठलेला आहे.

फुग्यातला हेलियम मग पिवळा का दिसत नाही?

इलेक्ट्रॉन तळाला शांत बसलेत, उतरायला वर कोणी गेलेलंच नाही. आणि तळापासून वर जायचं तर पहिली उडीच जवळपास २० इलेक्ट्रॉन व्होल्टची, दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनकडे फार तर सव्वातीन असतात. म्हणून उजेड आरपार जातो. नळीत भरून वीज सोडली की चमकतो.

मोबाईल टॉवरचं रेडिएशन आणि एक्स-रे दोन्ही "रेडिएशन"च ना, मग टॉवर धोकादायक कसा नाही?

जात एकच, पण एकेका फोटॉनची ऊर्जा बघा. २ गिगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीचा फोटॉन एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला चार-पाच ते वीस-पंचवीस इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि सहसा एकावेळी एकच फोटॉन गिळला जातो, त्यामुळे कमी ऊर्जेचे कितीही फोटॉन आले तरी ते काम होत नाही. ते फक्त ऊब देऊ शकतात, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तेच होतं, आणि टॉवरसाठीच्या मर्यादा त्या उबेच्या हिशोबाने आखलेल्या असतात. एक्स-रेच्या फोटॉनकडे हजारो इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, तो इलेक्ट्रॉन सहज उडवतो, म्हणून टेक्निशियन पडद्यामागे जातो. खरी काळजी घ्यायची ती दुपारच्या उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटची. ३०० नॅनोमीटरला चार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर ऊर्जा असते आणि त्वचेतला डीएनए बिघडवायला तेवढी पुरते. शेतात, बांधकामावर दिवसभर राबणाऱ्यांनी टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा हे मी टॉवरच्या भीतीपेक्षा कितीतरी जास्त आग्रहाने सांगेन.

फटाक्यांचे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे रंग पण असेच का?

हो, थोड्या फरकाने. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे सोडियमचे. फटाक्यात लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, पण तिथे बहुतेक रंग सुट्या अणूंचा नसून क्लोरीनबरोबर झालेल्या रेणूंचा असतो म्हणून बारीक रेघा न दिसता रुंद पट्टे दिसतात. एलईडी वेगळी गोष्ट, घन पदार्थात पातळ्या इतक्या चिकटतात की त्यांचे पट्टेच होतात, म्हणून पांढऱ्या एलईडीत निळा उंचवटा आणि पुढे सलग पिवळसर पसारा.

आज सूर्याच्या रेघांवर आपल्याकडे कोणी काम करतं का?

करतात की. सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं, ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलं, आणि त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या पुढाकाराने बनली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये बघते, त्यात मॅग्नेशियमच्या २८० च्या आसपासच्या दोन रेघा येतात, त्यातून क्रोमोस्फिअर दिसतं. ३०० च्या खालचा हा प्रकाश ओझोनमुळे जमिनीवर पोचतच नाही, वर जाणं भागच होतं.

घरच्या घरी रेघा बघता येतील का?

येतील, आणि खर्च जवळपास शून्य. लांबट पुठ्ठ्याचा खोका घ्या, बुटांचा चालेल. एका टोकाला उभी फट कापा आणि ब्लेडचे दोन तुकडे (किंवा ॲल्युमिनियम फॉइल) समोरासमोर चिकटवून ती जितकी अरुंद करता येईल तितकी करा, केसाएवढी झाली तर उत्तम, सगळी मजा त्या फटीवर आहे. दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा साधारण ६० अंशात तिरका बसवा, चकचकीत बाजू फटीकडे, आणि त्याच्या वर डोळा लावायला भोक पाडा. सीडीवरच्या बारीक रेषा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात आणि प्रकाश फाकवायचं काम त्याच करतात. डीव्हीडी असेल तर रेषा आणखी जवळ, रंग आणखी फाकतात.

आधी घरातली सीएफएल किंवा जुनी ट्यूब बघा. ५४६ ला हिरवी आणि ४३६ ला निळी-जांभळी रेघ एकदम सुटी उठून दिसते, त्या पाऱ्याच्या. मग एलईडी बल्ब, तिथे सलग पट्टा. मग स्वयंपाकघरातली निळी ज्योत, मोठ्या माणसाने शेजारी थांबून, चमचाभर मिठाचं दाट पाणी लोखंडी चमच्यात ज्योतीच्या कडेला धरायचं, ज्योत पिवळी झाली की फटीतून बघायचं, इतर सगळे रंग फिके आणि एक पिवळी रेघ लखलखीत. त्या दोन रेघा आहेत पण सीडीला त्या वेगळ्या करता येत नाहीत, आणि हेलियमची रेघ शेजारी असती तर तीही यात मिसळून गेली असती, १८६८ ला लोक सोडियम का म्हणाले ते तेव्हा डोळ्यांनी पटतं.

एक गोष्ट मुलांना चार वेळा बजावा: फट सूर्याकडे रोखायची नाही, कधीच नाही. दिवसा बघायचं तर उन्हात ठेवलेला पांढरा कागद किंवा सूर्याच्या विरुद्ध बाजूचं आकाश बघायचं. फट खरंच बारीक जमली असेल तर रंगपट्ट्यात काही पुसट काळ्या रेघा दिसतील, पिवळ्यातली सोडियमची आणि हिरव्यातली मॅग्नेशियमची सापडते का ते आधी बघा.